परवलीचा शब्द आणि तोतया

रात्रीं छावणीकडे येणाऱ्या माणसास पहारेकरी हटकी आणि त्या रात्रीपुरता ठरलेला शब्द विचारी. शब्द बरोबर आला कीं वाट मोकळी होई. चुकला कीं भाल्याचें टोंक छातीस लागे. ह्या शब्दास आपल्या भाषेंत परवलीचा शब्द म्हणतात, आणि इंग्रजी ‘पासवर्ड’ला मराठी नांव शोधणाऱ्या मंडळींस तो अगदीं आयता सांपडला. ज्यांनीं जन्मांत कधीं घोड्यावर मांड टाकली नाहीं असे आम्ही लोकही हल्लीं दिवसांतून दहा वेळां परवल देत असतों.

तथापि नांव एक असलें तरी वस्तु एक नव्हे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या पॉलिबियस ह्या ग्रीक इतिहासकारानें रोमन छावणीचें जें वर्णन केलें आहे त्यांत ह्या शब्दाची व्यवस्था तपशिलानें दिली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास नेमलेले शिपाई अधिकाऱ्याच्या तंबूंत जात व शब्द लिहिलेली लांकडी पाटी घेऊन येत. ती पाटी एका तुकडीकडून दुसरीकडे फिरत फिरत अंधार पडण्यापूर्वीं पुन्हा त्याच अधिकाऱ्याच्या हातीं पडे. एखादी पाटी आली नाहीं तर परत आलेल्या पाट्यांच्या खुणांवरून ती कोठें अडली हें तत्काळ कळे आणि अडविणारास शिक्षा होई. ह्या व्यवस्थेंत शब्द सर्वांचा असे आणि त्याचें आयुष्य एका रात्रीचें असे. एखाद्या शिपायास तो आठवला नाहीं तर शेजारच्या तंबूंतील सोबती त्याची ओळख पटवूं शके. आमचा पासवर्ड एकट्याचा असतो व वर्षानुवर्षें तोच असतो. दुसऱ्यास तो ठाऊक नसावा हाच त्याचा गुण. मग हा एकट्याचा शब्द चोरीस गेला, किंवा नुसता विसरला, तर ‘मी तोच’ असें म्हणणाऱ्या माणसाची साक्ष कोणीं द्यावी? आजपर्यंत गाजलेल्या खातेचोऱ्यांपैकीं बऱ्याच चोऱ्या ह्या एका प्रश्नाच्या फटींतून झाल्या आहेत असें माझें मत आहे. हें मत मला पुस्तकांवरून सुचलें असतें तर बरें झालें असतें. तें मला अनुभवानें, आणि दुसऱ्याच्या पैशानें, सुचलें.

झालें तें असें. गेल्या वर्षीं आषाढांत एका रविवारीं सकाळीं माझ्या एका जुन्या सहाध्यायाच्या नांवानें मला निरोप आला कीं, ‘माझें खातें अडकलें आहे, तें सोडविण्याचे सहा आंकडे चुकून तुझ्या मोबाइलवर गेले आहेत, तेवढे कळव.’ मीं कळविले. हातांतला चहा संपण्याच्या आंत माझें स्वतःचें खातें मला बंद झालें. ज्या समाजमाध्यमावर मी दहा वर्षें विद्यार्थ्यांशीं व स्नेह्यांशीं बोलत आलों तेथें माझेंच नांव व माझेंच छायाचित्र धारण करून दुसरा कोणी जाऊन बसला. ते सहा आंकडे माझ्याच दाराची तात्पुरती किल्ली होती. निरोप धाडणारा सहाध्यायीही नव्हता; त्याचें खातें आदल्या रात्रीं ह्याच रीतीनें गेलें होतें. दर सालीं वर्गांत तोतयाच्या बंडाचें प्रकरण शिकविणाऱ्या प्राध्यापकानें तोतयास आपल्या हातानें किल्ली द्यावी ह्यांत जो विनोद आहे तो घरच्या मंडळींनीं मला पुरेसा समजावून दिला आहे.

पुढचा भाग मात्र विनोदाचा नव्हे. माझ्या नांवानें तो गृहस्थ शेंकडों लोकांस लिहूं लागला कीं, पत्नीस इस्पितळांत ठेवलें आहे, पैसे ताबडतोब हवेत, संध्याकाळपर्यंत परत करतों. बहुतेकांनीं मला फोन केला. एकानें केला नाहीं. तालुक्याच्या गांवीं एका पतसंस्थेंत कारकून असलेला तो माझा जुना विद्यार्थी. त्यानें दोन खेपेस मिळून अठरा हजार रुपये पाठविले. निरोपांतील मराठी इतकें अशुद्ध होतें कीं, पहिल्या वर्षाच्या मुलानें तसें लिहिलें असतें तर मीं वही परत केली असती. पुढें मीं त्यास विचारलें, ‘अरे, तें मराठी माझें वाटलें तुला?’ तो म्हणाला, ‘सर, मला वाटलें तुम्ही घाबरलेले असाल, काना-मात्रेकडे कुठलें लक्ष जाणार?’ ह्यावर मला कांहीं बोलवेना.

खातें परत मागावयास गेलों तों कंपनीच्या दारीं माणूस नाहीं; एक ठराविक अर्ज आहे. खातें कोणत्या महिन्यांत उघडलें? याआधींचा पासवर्ड काय होता? अलीकडे कोणाकोणास निरोप धाडले? मला यांपैकीं एकाचेंही उत्तर धड देतां येईना. आंत बसलेल्यापुढें मात्र माझीं दहा वर्षांचीं पत्रें उघडीं पडलीं होतीं. त्यास बरींचशीं उत्तरें दहा मिनिटांत काढतां आलीं असतीं. मी कोण हें मला सिद्ध करावयाचें होतें, आणि तो कोण हें त्यास कोणीच विचारीत नव्हतें.

इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रसंग अपरिचित वाटूं नये. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत संशय राहिला, आणि पार्वतीबाईंनीं तर वैधव्याचीं चिन्हें धारण केलींच नाहींत. संशयाच्या ह्या मोकळ्या जागेंत कांहीं वर्षांनीं एक मनुष्य येऊन उभा राहिला. भाऊसाहेबांस ओळखणाऱ्या माणसांकडून त्याची परीक्षा झाली, तो सुखनिधान नांवाचा कनोजा ब्राह्मण असें ठरलें, आणि त्यास कैदेंत टाकण्यांत आलें. १७७६ सालीं रत्नागिरीच्या किल्ल्यावरून तो बाहेर पडला तो भिंत फोडून नव्हे. किल्ल्यावरील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्यास भाऊसाहेब म्हणून मोकळें केलें. मग काय विचारतां! हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले, कोंकणांतील किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन झाले. अखेर महादजी शिंदे यांच्या फौजेनें त्याचा मोड केला. समुद्रावरून पळत असतां तो आंग्र्यांच्या हातीं सांपडला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत पुण्यास त्यास देहान्त शिक्षा झाली. अंमलदार भोळेपणानें फसला कीं लोभानें वळला ह्याविषयीं दुमत होऊं शकेल. किल्ल्याचा तट मात्र शाबूत होता, दार आंतून उघडलें गेलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें एकदां पुन्हा यावयाची आहे.

ह्याहूनही आमच्या प्रश्नास जवळची अशी हकीकत फ्रान्सच्या इतिहासांत आहे. पिरनीज पर्वताच्या पायथ्याकडील आर्तिगा नांवाच्या खेड्यांतून मार्तां गेर नांवाचा एक शेतकरी १५४८ सालीं घर सोडून निघून गेला. १५५६ सालीं ‘मीच मार्तां’ म्हणून एक मनुष्य गांवांत आला. बहिणींनीं त्यास ओळखलें, चुलत्यानें ओळखलें, पत्नीनें घरांत घेतलें. घरगुती जुन्या गोष्टी त्यास तोंडपाठ होत्या. तीन वर्षें संसार झाला. पुढें मिळकतीवरून चुलत्याशीं तंटा पडला व खटला उभा राहिला. पहिल्या न्यायालयांत दीडशेंच्या सुमारास साक्षीदार तपासले. कोणी म्हणे हाच, कोणी म्हणे हा नव्हे, आणि पुष्कळांस सांगतांच येईना. अपील तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयांत गेलें. तेथें न्यायाधीशांचें मन आरोपीकडे झुकत असतां १५६० सालीं लांकडी पाय टाकीत एक इसम हजर झाला. हा खरा मार्तां. १५५७ च्या सां कांतांच्या लढाईंत त्यानें पाय गमावला होता. दोघांचीही उलटतपासणी झाली. तेव्हां घडलेला चमत्कार जां द कोरास ह्या न्यायाधीशानें स्वतःच लिहून ठेवला आहे. कांहीं जुन्या गोष्टी खऱ्या मार्तांस नीट आठवेनात, आणि तोतया त्या बिनचूक सांगे. शेवटीं बहिणींनीं व पत्नीनें त्या लंगड्या माणसास प्रत्यक्ष पाहिलें आणि निकाल फिरला. तोतयाचें खरें नांव आर्नो द्यु तिल. सप्टेंबर १५६० मध्यें त्यास मार्तांच्याच घरासमोर फांशी देण्यांत आलें.

ह्यांतील मर्म असें कीं, मालक निश्चिंत असतो म्हणून विसरतो, आणि तोतयास विसरून भागत नाहीं म्हणून तो पाठ करतो. स्मरणशक्तीची परीक्षा घेऊन मालक ठरवावयाचा म्हटलें तर तोतया बहुधा वरच्या वर्गांत उत्तीर्ण व्हावयाचा.

यंत्रांच्या राज्यांत पासवर्ड आला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत. एकच अवाढव्य संगणक अनेकांस एका वेळीं वापरतां यावा अशी योजना फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं केली. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत आणि नेमून दिलेल्या वेळेपलीकडे कोणीं यंत्र अडवूं नये म्हणून एकेकास एकेक शब्द दिला. पुढच्याच वर्षीं ॲलन शेर नांवाच्या एका संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याचे चार तास पुरेनात. कोणताही कागद छापून मागण्याची जी साधी सोय तेथें होती तिच्याच द्वारें त्यानें पासवर्डांची सबंध यादी छापून मागितली, आणि यंत्रानें ती निमूटपणें छापून दिली! आणखी एका प्रसंगीं दोन व्यवस्थापकांच्या कामांत घोटाळा होऊन रोजच्या सूचनेच्या जागीं ती यादीच सर्वांच्या पुढें झळकली. ही आठवण कॉर्बाटो यांनीं पुढें ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानांत सांगितली. तात्पर्य, पासवर्डाचें वय आणि पासवर्डचोरीचें वय यांत फार तर एका वर्षाचें अंतर आहे.

यादीच चोरीस जाते असें दिसल्यावर विद्वानांनीं यादी न ठेवण्याची युक्ति काढली. केंब्रिजचे रॉजर नीडम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें सुचविलें कीं, शब्द जसाचा तसा न ठेवतां त्याचें एक गणिती रूपांतर ठेवावें. शब्दावरून तें काढतां यावें, परंतु त्यावरून शब्द काढतां येऊं नये. दळलेल्या पिठावरून मूळचा दाणा जुळवितां येत नाहीं, तसेंच हें. १९७९ सालीं बेल प्रयोगशाळेंतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनीं ह्याच्या पुढची पायरी प्रसिद्ध केली: दळण्यापूर्वीं प्रत्येक शब्दांत एक निराळा आंकडा मिसळावा, म्हणजे दोघांचा शब्द एक असला तरी पीठ एक निघत नाहीं. ह्या आंकड्यास तिकडे ‘मीठ’ म्हणतात हें ऐकून आमच्या स्वयंपाकघरास बरें वाटलें. पण त्याच निबंधांत त्यांनीं एक नमुनाही दिला आहे. लोकांनीं आपखुषीनें निवडलेले ३,२८९ शब्द त्यांनीं तपासले. त्यांपैकीं २,८३१, म्हणजे शेंकडा ८६, इतके आंखूड किंवा कोशांत सांपडणारे होते कीं, ते शोधून काढण्यास फारसे श्रम पडले नसते. ह्यानंतर तीस वर्षांनीं, १ कोटी नव्हे, ३ कोटींहून अधिक शब्द रॉकयू नांवाच्या एका कंपनीकडून चोरीस गेले. ते तिनें दळलेही नव्हते. त्यांत सर्वांत लोकप्रिय शब्द निघाला १२३४५६, आणि तो २,९०,७३१ लोकांनीं निवडला होता.

मनुष्यस्वभाव हा असा असल्यामुळें शब्दांत एक मोठें अक्षर घाला, एक चिन्ह घाला, दर तीन महिन्यांनीं तो बदला, असा जाच कचेऱ्यांतून सुरू झाला. अमेरिकेच्या मानक संस्थेनें २०१७ सालीं हा उपदेश मागें घेतला. लांबलचक पण लक्षांत राहणारी शब्दांची माळ बरी, प्रत्येक खात्यास ती निराळी असावी, आणि गळती झाल्याचें कळलें तरच बदलावी, असें आतां जाणते लोक सांगतात. जाचास कंटाळून लोक शब्दाच्या शेवटीं नुसता आंकडा वाढवीत, हें समजावयास त्यांस इतकीं वर्षें लागलीं.

परंतु आतांपर्यंतची ही हकीकत पुढच्या दाराची झाली. प्रत्येक घरास मागचें दार असतें; येथें तें विसराळू मालकासाठीं ठेवलेलें असतें. त्या दाराशीं जुन्या पद्धतीप्रमाणें प्रश्न विचारला जाई: आईचें माहेरचें आडनांव काय? ज्या समाजांत मामाचें नांव लग्नपत्रिकेंत छापतात त्या समाजास हा प्रश्न गुप्त कसा वाटावा हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. पण अमेरिकेंत तरी तो गुप्त राहिला काय? सप्टेंबर २००८ मध्यें उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचें याहू टपालाचें खातें टेनेसी विद्यापीठांतील वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें घेतलें. त्यास शब्द फोडावा लागलाच नाहीं. ‘मी शब्द विसरलों’ असें त्यानें सांगितलें. मग जन्मतारीख, टपालविभागाचा आंकडा आणि नवऱ्याची भेट कोठें झाली हे प्रश्न आले. उमेदवाराचें चरित्र वर्तमानपत्रांतून गाजतच होतें, तिन्ही उत्तरें थोड्या शोधानें निघालीं. पुढें त्यास एक वर्ष व एक दिवस कैद झाली. आर्नो द्यु तिल सोळाव्या शतकांत न जन्मतां विसाव्यांत जन्मता तर त्यानें ह्याहून निराळें काय केलें असतें?

चार वर्षांनीं, ऑगस्ट २०१२ मध्यें, मॅट होनन ह्या पत्रकाराची जी अवस्था झाली ती तर मागच्या दारांच्या साखळीचा नमुनाच म्हणावी. चोरांस त्याचें ट्विटरवरील तीन अक्षरी नांव हवें होतें, एवढाच हेतु. ट्विटरचें खातें गूगलच्या टपालास बांधलेलें, तें टपाल ॲपलच्या टपालास बांधलेलें. ॲपलच्या मदतनिसास फोनवर पत्ता आणि क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आंकडे सांगितले कीं तो नवा शब्द देई. ते चार आंकडे कोठून आणावयाचे? ॲमेझॉनच्या मदतनिसाकडून. त्यास प्रथम फोन करून खात्यांत एक बनावट कार्ड नोंदवावयाचें. मग दुसऱ्यांदा फोन करून त्याच कार्डाचा दाखला देऊन आंत शिरावयाचें. आंत गेलें कीं खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आंकडे दिसत. म्हणजे जे चार आंकडे एका दुकानास क्षुल्लक म्हणून उघडे ठेवावेसे वाटले तेच दुसऱ्या दुकानानें ओळखीचा पुरावा मानले. तासाभरांत होननचे फोन व संगणक दुरून पुसले गेले. त्यांत त्याच्या लहान मुलीचीं, जन्मापासूनचीं छायाचित्रें होतीं.

आतां रत्नागिरीच्या किल्ल्याची आठवण करावी. १५ जुलै २०२० रोजीं ट्विटरवर बराक ओबामा, जो बायडन, बिल गेट्स इत्यादिकांच्या नांवानें एकाच दिवशीं निरोप झळकले कीं, आम्हांस बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून परत देऊं. १३० खात्यांवर हात पडला होता, त्यांपैकीं ४५ खात्यांवरून हे निरोप निघाले, आणि सुमारें १,१८,००० डॉलर लोकांनीं खरोखरच पाठविले. सूत्रधार निघाला फ्लोरिडांतील सतरा वर्षांचा मुलगा. इतक्या मोठमोठ्या लोकांचे शब्द त्यानें कसे शोधले? शोधलेच नाहींत. त्याच्या टोळीनें ट्विटरच्या नोकरांस फोन करून आपण कंपनीच्याच तांत्रिक विभागांतले असें भासविलें. नोकरांपाशीं अडकलेल्या ग्राहकांस सोडविण्याचें एक साधन असतें. खात्याचा पत्ता बदलणें, दुसरें कुलूप काढणें, इतकें त्यानें होतें. तें साधन हातीं आल्यावर तट चढण्याचें कारणच राहिलें नाहीं.

आपल्या देशांत दुसरें कुलूप पुष्कळांच्या आधीं आलें, ही गोष्ट अभिमानानें सांगण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेच्या हुकुमानें ऑगस्ट २००९ पासून कार्डानें ऑनलाइन पैसे देतांना आणखी एक खूण विचारणें बँकांस भाग पडलें, व थोडक्याच वर्षांत ‘ओटीपी’ हा शब्द आजीबाईंच्या तोंडीं बसला. पण जी खूण शब्दानें सांगतां येते ती शब्दानें मागतांही येते. चोरांनीं आपला सगळा उद्योग ते सहा आंकडे गोड बोलून मागण्यावर आणून ठेवला. वर मीं दिलेली हकीकत त्याचीच. आंकडे मोबाइलवर येतात म्हणून ते सुरक्षित, हेंही अर्धवट खरें. ऑगस्ट २०१९ मध्यें ट्विटरचे तेव्हांचे मुख्याधिकारी जॅक डॉर्सी यांचा मोबाइल क्रमांक चोरांनीं दुसऱ्या सिमवर फिरवून घेतला व खुद्द त्यांच्या खात्यावरून वाटेल तें लिहिलें. त्यापेक्षां आपल्याच फोनमध्यें दर अर्ध्या मिनिटास नवा आंकडा काढणारें ॲप बरें, आणि त्याहून ‘पासकी’ बरी. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं १९७६ सालीं दोन किल्ल्यांच्या कुलपाची जी कल्पना मांडली ती हिच्या मुळाशीं आहे. मे २०२२ मध्यें ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनीं ती सर्वत्र चालू करण्याचें जाहीर केलें. हिच्यांत कोणास सांगण्याजोगा शब्दच नसतो. गुपित फोनच्या पोटांत राहतें आणि खऱ्या दाराशिवाय दुसरीकडे चालत नाहीं. माझ्यासारख्या भोळ्या माणसास हें मानवण्यासारखें आहे, कारण जें मला ठाऊकच नाहीं तें मी कोणास देऊं शकत नाहीं. तरीही फोन विहिरींत पडला तर काय, असें विचारलें कीं आपण पुन्हा मागच्या दारीं येऊन उभे राहतों.

कायद्याविषयीं दोन शब्द. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें व संगणकाच्या द्वारें तोतयेगिरी करून फसविणें हे ६६क व ६६ड ह्या कलमांखालीं गुन्हे ठरले. प्रत्येकास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पैसे गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं गोठविण्याची शक्यता पहिल्या तासांत अधिक असते. २०२१ सालच्या नियमांनीं मोठ्या समाजमाध्यमांस भारतांत तक्रार-अधिकारी नेमणें भाग पाडलें. हें सर्व चांगलें आहे. परंतु १२ डिसेंबर २०२१ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचें ट्विटर खातें थोडा वेळ चोरांच्या हातीं गेलें तेव्हां त्यांच्या कार्यालयानें कंपनीस कळवितांच तें सुरक्षित झालें. तालुक्याच्या गांवच्या कारकुनासाठीं असा फोन कोण उचलणार?

माझ्या खात्याचें पुढें काय झालें हें आतां सांगतों. नऊ दिवस मी कंपनीस अर्ज करीत होतों. दहाव्या दिवशीं माझी भाची घरीं आली आणि म्हणाली, ‘मामा, आधीं तुमचा ईमेल दाखवा.’ तेथें, जाहिरातींच्या ढिगाखालीं, चोरीच्याच दिवसाचें कंपनीचें पत्र पडलें होतें: खात्याचा पत्ता बदलला आहे, हें आपण केलें नसेल तर येथें दाबा. त्या रविवारीं तें उघडलें असतें तर दोन मिनिटांचें काम होतें. आतां ती वाट बंद झाली होती. भाचीनें मग क्रम लावून दिला. प्रथम ईमेलचा शब्द बदलून त्यास दुसरें कुलूप लावलें, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचें मागचें दार तेथेंच उघडतें. चोरानें आपला क्रमांक किंवा पत्ता तेथें गुपचूप नोंदवून ठेवला नाहीं ना, पत्रें दुसरीकडे वळविलीं नाहींत ना, हें पाहिलें. अन्य सर्व यंत्रांवरून खातें बंद केलें. ‘माझ्या नांवानें येणारा निरोप माझा नव्हे’ असें ओळखीच्या पन्नास माणसांस फोन करून सांगितलें. हें काम मीं पहिल्या दिवशींच करावयास हवें होतें, आणि लाजेनें केलें नाहीं. मग कंपनीच्या सांगण्यावरून फोनसमोर मान डावीकडे, उजवीकडे व वर फिरवून चेहरा दाखविला, रत्नागिरीच्या कैद्याप्रमाणें. एकोणिसाव्या दिवशीं खातें माझें झालें. पुढें पासकी लावली, आणि अडचणीच्या वेळीं वापरावयाचे जे आंकडे कंपनी देते ते कागदावर उतरून घराच्या खरेदीखताजवळ पेटींत ठेवले. माणसांची साक्ष घेण्याचा जुना मार्गही कोणी कोणी अवलंबून पाहिला आहे: फेसबुकनें २०१३ सालीं विश्वासू मित्रांच्या हातून खातें परत मिळविण्याची सोय काढली होती, ती पुढें बंद केली, ॲपलनें २०२१ पासून तशाच प्रकारचा एक सोबती नेमूं दिला आहे. माझी सोबती भाची.

अठरा हजार रुपये घेऊन मी त्या विद्यार्थ्याच्या गांवीं गेलों. तो घेईना. शेवटीं त्याच्या मुलीच्या फीच्या नांवानें त्याच्या पत्नीनें ते ठेवून घेतले. गेल्या महिन्यांत एका कामासाठीं मीं त्यास नव्या क्रमांकावरून फोन केला. क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘सर, रागावूं नका, पण आधीं एक विचारतों. आमच्या वर्गावर पहिल्या दिवशीं आल्याबरोबर तुम्हीं फळ्यावर काय लिहिलें होतें?’

मीं पुष्कळ आठवून पाहिलें. ‘नाहीं रे बाबा आठवत,’ मीं म्हटलें.

‘मग तुम्हीच, सर,’ तो म्हणाला. ‘बोला.’